बोंबल्या आणि मैना

सोमवार, ३ मार्च

आणि वर यांनी मलाच गप्प बस म्हणायचं. म्हणजे म्हणता येत नाही, हात वर करायचा, चौकातल्या पोलिसासारखा. का, तर तिकडे लढाई चाललीय! दिवसभर धुलाईखान्यात उभी राहून मी घरी येते, गुडघ्यांचे भोपळे झालेले असतात, चपला काढायच्या आधी विचारते जेवलात का, तर हात वर. तोंड कॉम्प्युटरकडे. त्या खेळातल्या लोकांशी बोटं कशी टकाटका चालतात, कुणी पगार देत असल्यासारखी. माझ्यासाठी पाटी आहे. काल अख्ख्या दिवसात माझ्या पाटीवर काय आलं? "मीठ." एवढंच. नवरा-बायकोचं एका रविवारचं बोलणं, मीठ.

आवाज गेला त्याबद्दल मी कधी बोलले नाही. भाजी मंडईत लिलाव पुकारणारा माणूस, यांनी बटाट्याचा भाव पुकारला की मागच्या गल्लीतल्या बायका घरात बसून ऐकायच्या. मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. आता मानेला भोक आहे, त्यातून श्वास घ्यायचा, वर रुमाल बांधायचा. गळ्याला लावून बोलायचं यंत्र आणलं होतं. त्यातून निघालेला आवाज ऐकून हे स्वतःच दचकले. यंत्र कपाटात गेलं ते गेलंच.

राहिली पाटी. पण यांचं अक्षर म्हणजे कोरीवकाम. एक वाक्य होईपर्यंत माझी भांडी घासून होतात. म्हणून मी काय करते, दोन शब्द दिसले की पुढचं मला कळतंच, पाटी काढून घेते आणि उत्तर देऊन टाकते. दोघांचाही वेळ वाचतो. तर आताशा पाटी हातातच घेत नाहीत. आळस, दुसरं काय.

साबणवाल्याने फुकट वाटलेली ही डायरी पडून होती. चौथीनंतर मी हिशेबाशिवाय काही लिहिलेलं नाही. पण कुणाशी तरी बोलायला पाहिजे. नाहीतर फुटेन एक दिवस.

मंगळवार, ४ मार्च

आज जोडीदारणीला सांगितलं. हॉटेलच्या मोठ्या चादरींची घडी एकटीने होत नाही, दोन टोकांना दोन बाया लागतात. ती आणि मी किती वर्षं एकमेकींकडे चालत जातोय आणि परत मागे येतोय. माझं सगळं तिला ठाऊक आहे.

म्हटलं, "बाईच्या नादी लागला असता तर भांडायला निदान एक बाई तरी मिळाली असती. इथं मी भांडू कुणाशी, वायरीशी?"

"खेळ कुठला?"

"किल्ल्यांचा. घोडे, तलवारी, राक्षस. देशोदेशीची माणसं एकाच वेळी आत शिरतात म्हणे."

"अगंबाई, तो होय! तो मी पण खेळते."

माझ्या हातातलं टोक सुटलं. ही बाई दोन नातवंडांची आजी. कवळी लावते.

"तू? काय करतेस त्यात?"

"तिरंदाज आहे."

"तुला सुईत दोरा ओवता येत नाही!"

"म्हणून तर," ती म्हणाली. "चादर उचल, मुकादमीण बघतेय." मग घडी घालत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "हे बघ, मी सून झाले, मग सासू झाले, मग आजी झाले. मधे कुणी विचारलं का, बाई, तुला काय व्हायचंय? तिथं आत गेलं की पहिलाच प्रश्न तो. काय व्हायचंय. मी बसमध्ये बसून रडले होते तेव्हा. बाजूच्या माणसाला वाटलं पाकीट मारलं."

मला हे काही पटलं नाही. ज्या वयात गुडघ्याला तेल चोळायचं त्या वयात तिरंदाज! पण ती पुढं म्हणाली, "बाहेरून ओरडतेस कशाला, आत जाऊन बघ की तुझा नवरा करतो काय." हे मात्र बरोबर आहे.

शुक्रवार, ७ मार्च

जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्या फोनवर खेळ घालून दिला. खरंच विचारतो, काय व्हायचंय. मी म्हटलं मला काही व्हायचं नाही, मला नवरा पकडायचाय. ती म्हणाली, तसं त्यात नाही, मग वैदू हो. वैदू जखमी लोकांना बरं करतो. वैदू सगळ्यांनाच कमी पडतात, कुठलीही टोळी डोळे झाकून घेते. नाव काय घालू? घाल काहीही. तिने मैना घातलं. मी म्हटलं, माझा घसा आणि मैना! ती म्हणाली, तिथं तुझा घसा कुणाला ऐकू येतोय.

यांचं तिथलं नाव मला माहीत आहे, यांच्या खांद्यावरून वाचलेलं. बोंबल्या. आवाज नसलेल्या माणसाने ठेवलेलं नाव बघा.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात ओट्याशी, हे पलीकडच्या खोलीत. नाव शोधलं, टोळीत घ्या म्हणून विनंती टाकली. लगेच घेतलं. आत गेले तर नुसतं जंगल. माणूस दिसेना. मी एका झाडात अडकले, मग एका डबक्यात पडले. शेवटी बोटाने एकेक अक्षर टिपून लिहिलं, "कुठं उलथलेत सगळे?"

पलीकडच्या खोलीतून शिट्टीसारखा आवाज आला. हे हसले की मानेच्या भोकातून तसा आवाज येतो. कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. मी ओरडले, "काय झालं एवढं हसायला?" काही नाही. खुर्ची करकरली फक्त.

मग बोंबल्याने लिहिलं, "या मैनाताई. असेच लोक आम्हाला हवे होते. डावीकडे वळा, आम्ही पुलावर थांबलोय."

पाच माणसं पुलावर माझ्यासाठी थांबली होती. ओळख ना पाळख. धुलाईखान्यासमोर माझ्यासाठी बस पण थांबत नाही.

रविवार, ९ मार्च

बोलतात हो! नुसते बोलत सुटतात. बोंबल्या ढालवाला आहे, सगळ्यांच्या पुढं उभा राहतो आणि मार खातो. राक्षसावर चालून जायचं असलं की लिहितो, "एकवार... दोनवार..." आणि तीनवार म्हटलं की सगळी टोळी तुटून पडते. मंडईतला लिलाव! परक्या देशातली पोरंसुद्धा त्या तीनवारची वाट बघत श्वास रोखून उभी. तोफ नावाची एक मुलगी आहे, दवाखान्यात रात्रपाळी करते म्हणे. ती म्हणाली, काका, तुम्ही तीन म्हटल्याशिवाय माझा हातच चालत नाही.

आज मी मेले. म्हणजे खेळात. उतारावरून पळत सुटले होते. खरं सांगते, थांबावंसं वाटेना, पायात कळ नाही, दम लागत नाही, नुसतं पळा. पळता पळता लांडग्यांच्या तोंडी गेले. पडले की तिथंच पडून राहायचं, आकाश दिसतं फक्त. मला वाटलं संपलं. तर ही माणसं अर्ध्या डोंगरावरून परत फिरली. या टोळीचा तसा नियमच आहे, पडलेल्याला टाकून पुढं जायचं नाही, लढाई हरली तरी चालेल. बोंबल्या माझ्यावर ढाल धरून उभा राहिला आणि तोफेने मला उठवलं.

मी ओट्याशी बसून फोनकडे बघत राहिले. भाजी करपली. जेवताना यांनी करपलेल्या भाजीबद्दल चकार शब्द लिहिला नाही. अर्धं ताट ठेवून हे उठले.

बुधवार, १२ मार्च

हे फिरायला जातात आता बुधवारचे. इस्त्रीचा सदरा घालून. आज परत आले तर कोपराच्या खळगीत कापूस चिकटवलेला. विचारलं हे काय. पाटीवर लिहिलं, "डास." म्हटलं डासाला कापूस लावतात काय? खांदे उडवले. सदरा पण किती ढगळ झालाय. धुलाईत कपडे आटतात, आमच्याकडे वाढतात.

शनिवार, १५ मार्च

या खेळात एक गोष्ट आहे. समोरचा लिहीत असला की तीन ठिपके हलत राहतात. काय लिहितोय ते दिसत नाही. पुरं झालं की एकदम येतं. मधेच काढून घेता येत नाही. सुरुवातीला मला वाटायचं फोन आपटावा. आता ठिपके हलले की मी पोळपाट-लाटणं बाजूला ठेवून बसते. मला थांबता येतं हे मला माहीतच नव्हतं.

आज विचारलं, "तुम्हाला यात एवढं काय आवडतं हो?"

ठिपके खूप वेळ हलले. मग आलं, "इथं सगळेच टाइप करतात, मैनाताई. त्यामुळे मी मुका नाही."

मी लिहिलं, "बरं."

मग म्हणाले, "उभ्याने खेळू नका. बसा आणि पाय वर घ्या."

मी उभीच होते. बसले. पाय दुसऱ्या स्टुलावर घेतले. मग मनात आलं, याला काय माहीत? पण सगळ्यांनाच सांगत असतील, म्हातारीकोतारी माणसं पण असतात त्यात. सगळ्यांची काळजी. घरातलीची सोडून.

रविवार, १६ मार्च

आज डोकं फिरलंय माझं.

बोंबल्याने आपलं सगळं वाटून टाकलं. टोळीला बोलावून सांगितलं, लांबच्या गावी जायचंय, कधी परत येईन सांगता येत नाही. ढाल एकाला दिली, तलवारी दोघांना. तोफेला अंगठी दिली तर ती रडायला लागली, म्हणाली काका, जाऊ नका ना, तीनवार कोण म्हणणार. वस्तू त्या सगळ्या खोट्या, हातात धरता येत नाहीत. पण ते सगळे गोल करून उभे होते.

कुठलं लांबचं गाव? हा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात जायचा कंटाळा करतो.

आणि शेवटी मला काय दिलं? घर! तिथं तळ्याकाठी बोंबल्याचं एक घर आहे, किती वर्षं लढून मिळवलेलं. त्याची चावी मैनेला. दहा दिवसांची ओळख असलेल्या, कोण कुठल्या बाईला घर! मी लिहिलं, "मलाच का?" तर म्हणतो, "तुम्ही ते नीट ठेवाल. बाकीची पोरं पसारा करतील."

इथं मी तीस वर्षं घर नीट ठेवतेय, कधी एक शब्द? जेवायला वाढताना ताट आपटलं. हे माझ्याकडे बघत होते. हसल्यासारखे. मग माझा हात धरायला गेले तर मी म्हटलं, सोडा, भांडी पडलीत.

सोमवार, १७ मार्च

जोडीदारणीला सांगितलं, नवऱ्याने घर दुसऱ्या बाईला दिलं.

तिचा चेहरा पांढराफटक. "कुठल्या बाईला?"

"मैनेला."

"मैना कोण?"

"मीच. पण त्यांना कुठं माहितीय!"

ती चादर धरून तशीच उभी. मग म्हणाली, "नाही माहीत?"

"कसं माहीत असणार? मी नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही."

"आणि बोलतेस कशी तिथं?"

"बोलते तशीच बोलते. दुसरं कसं बोलणार?"

ती काहीतरी म्हणणार होती. मग म्हणाली, "ओढ. सुरकुती राहिलीय." विचित्र बाई आहे.

गुरुवार, २० मार्च

कसं लिहू.

संध्याकाळी खेळात तळ्याकाठच्या घरी गेले. म्हटलं चावी परत देऊन टाकू, फुकटचं कुणाचं नको. बोंबल्या तिथंच पायरीवर बसला होता. बाकी कुणी नव्हतं.

म्हणाला, "बरं झालं आलात. एक सांगायचं होतं."

"सांगा लवकर."

तीन ठिपके. हललेच हलले. मी बसून राहिले.

मग आलं. आजार परत आलाय, या वेळी जिभेच्या मुळाशी. दर बुधवारी तपासण्या चालल्या होत्या. डॉक्टर म्हणतात आणखी एकदा कापू. जीभ जाईल, पोटाला नळी लागेल, तोंडाने घास नाही. एवढं करून वाचेनच असं ते म्हणत नाहीत. नाही कापलं तर थोडे महिने, पण तेवढे घरी, आपल्या ताटात जेवून.

मी लिहिलं, "घरी सांगितलंत?"

"नाही."

"का नाही?"

"पाटी घेतली होती हातात. तीन वेळा घेतली. 'डॉक्टर' एवढा शब्द होतो, तोवर ती म्हणते, हो हो, जाऊन या डॉक्टरकडे, आणि भांड्यांकडे वळते. तिची चूक नाही. दमून येते."

मग आणखी ठिपके.

"आणि पाटीवर लिहिलं की ती वाचत असताना तिचं तोंड बघावं लागतं. ते मला होणार नाही. इथं बरं आहे. मैनेचं तोंड मला दिसत नाही."

पलीकडच्या खोलीत श्वासाची शिट्टी वाजत होती, आत-बाहेर, आत-बाहेर. मधे एक भिंत. मला उठायचं होतं, उठता येईना. मी वैदू आहे. माझ्याकडे जखमा भरायचं बटण आहे. मी ते दाबलं. बोंबल्याच्या अंगावर हिरवा उजेड पडला आणि गेला. त्याने लिहिलं, "छान वाटलं."

मी नळ सोडून ठेवला, आवाज जाऊ नये म्हणून. माझ्या रडण्याचा.

माझ्या नवऱ्याने आपलं मरण एका परक्या बाईला सांगितलं. मला नाही. हेच राहून राहून टोचतंय. मैनेला सांगितलं, मला नाही सांगितलं.

रविवार, २३ मार्च

आमटी गाळून पातळ करून दिली. सगळी प्यायले. मी कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. माझं तोंड दिसू नये म्हणून मी ओट्याकडे तोंड करून बसले होते.

बोलले तर सगळं जाईल. मैना मीच म्हटलं तर मैनेशी बोलणं पण थांबेल, मग उरेल काय? मीठ.

मंगळवार, २५ मार्च

काम लवकर टाकून आले. मुकादमीण ओरडली, ओरडू दे.

बोंबल्या तळ्याकाठी होता. मला बघून लिहायला लागला. "डॉक्टरांना शुक्रवारी सांगायचंय, कापायचं की नाही. मला ठरवता येत नाही. मैनाताई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जगण्या-मरण्याचं विचारायला हीच बाई सापडली? लिहिलं, "मी कोण लागते तुमची? बायकोला विचारा."

"ती म्हणेल कापा. विचारायच्या आत म्हणेल. मग मला नाही म्हणता येणार नाही."

हे वाचून मी थांबले. कारण मागच्या आठवड्यापर्यंत मी तेच म्हटलं असतं. कापा, लवकर कापा, त्यात विचार कसला करायचा. आता मला माहीत नाही. आमटी पिताना परवा यांनी डोळे मिटले होते, मी चोरून बघितलं. चव लागते अजून. वासाचं काही कळत नाही, पण चव लागते. नळीने काय कळणार? आणि नाही कापलं तर? या घरात श्वासाची शिट्टी पण वाजणार नाही. मी मग आल्या आल्या कुणाला विचारू जेवलात का?

लिहिलं, "ती काय म्हणेल ते तुम्हाला ठाऊक नाही. कदाचित तिलाही ठाऊक नाही. तिला पुरतं सांगा तरी."

ठिपके हलले. थांबले. परत हलले. मग काहीच आलं नाही.

खुर्ची करकरली. हे दारात येऊन उभे राहिले. मी फोन पालथा टाकला. "काय पाहिजे?" काही नाही. आत आले, समोरचा स्टूल ओढून बसले. पाटी आणली नव्हती. पालथ्या फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढ्या जवळून कधी बघितलं होतं यांनी, आठवत नाही. मी पाणी दिलं. घोट-घोट करून अर्धा पेला गेला, मधे जरा अडकलं. मी पाठीवरून हात फिरवला. हाडं लागली हाताला. मी वाट बघितली, आता काहीतरी खूण करतील, आता सांगतील. तेही कशाची तरी वाट बघत बसले होते. कशाची ते मला कळेना. मग माझ्या हातावर दोनदा थोपटून उठले आणि परत आपल्या खोलीत गेले.

एवढं जवळ येऊन नाही सांगितलं!

मी फोन सुलटा केला आणि मैनेच्या नावाने लिहिलं. चुका झाल्या असतील, तशाच जाऊ दिल्या.

"मी काही सांगणार नाही. ज्या बाईला तुमचं सगळं करायचंय, कापलं तरी आणि नाही कापलं तरी, तिला विचारा. ती ओरडेल. ओरडू द्या, ओरडून झालं की ती ऐकते. गुरुवारी ती कामाला जाणार नाही, दिवसभर घरीच आहे. शुक्रवारी डॉक्टरांना काय सांगायचं ते गुरुवारी दिवस मावळायच्या आत तिच्याशी बोलून ठरवा. आणि सांगणार की नाही, ते मला आत्ता नको. गुरुवारी सकाळपर्यंत कळवा. हो किंवा नाही. मला उत्तर पाहिजे."